लिहिलं सभासदानं, नोटीस आली संकेतस्थळ चालवणाऱ्याला

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला एक तरुण कास्तकारांसाठी संकेतस्थळ चालवतो. कापूस, तूर, सोयाबीनचे भाव तो स्वतः टाकतो. बाकीचा मजकूर मोबाइल नंबर देऊन नोंदणी केलेले सभासद लिहितात. जूनच्या शेवटी एका सभासदानं दुकानाचं नाव घेऊन लिहिलं:

«या कृषी केंद्रातून सोयाबीनच्या तीन थैल्या नेल्या. आठ दिवस झाले, अर्धंबी नाई उगवलं. बियाणं बोगस आहे हे दुकानदाराले मालूम होतं, तरी इकलं. कृषी अधिकारीबी हप्ता खाते. अशा चोराले गावातून हाकला.»

संकेतस्थळ चालवणाऱ्यानं हा मजकूर दोन दिवस सगळ्यात वर लावून ठेवला आणि त्यावर स्वतःचा मथळा दिला: «बोगस बियाणं विकणाऱ्यापासून सावध!» आता दुकानदाराच्या वकिलाची नोटीस आली आहे. सात दिवसांत मजकूर काढा, जाहीर माफी मागा, लिहिणाऱ्याचं नाव-पत्ता द्या, दहा लाख रुपये नुकसानभरपाई द्या, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी कारवाई. विचारणा एवढीच: «मी लिहिलंच नाही, तर मी जबाबदार कसा?»

उत्तर दोन तुकड्यांत द्यावं लागेल. सभासदाच्या पाच वाक्यांसाठी कायदा तुम्हाला बऱ्यापैकी संरक्षण देतो. मथळ्यासाठी काहीच देत नाही. मथळा तुमच्या बोटांनी टाइप झाला आहे, आणि या प्रकरणात तुमची खरी अडचण तोच आहे.

संरक्षण येतं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ मधून. दुसऱ्याचा मजकूर साठवणारा किंवा पोचवणारा तो «मध्यस्थ», आणि दुसऱ्यानं दिलेल्या माहितीसाठी मध्यस्थ जबाबदार धरला जाणार नाही, असं हे कलम सांगतं. आजच्या रूपात ते २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. त्याआधीचं कलम फार अरुंद होतं. म्हणूनच २००९ पूर्वीच्या मजकुराबद्दलच्या विशाका इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये गुगलला जुन्या कलमाखाली बदनामीच्या फौजदारी तक्रारीतून सुटू दिलं नाही. नोटिशीत हा निकाल तुमच्या तोंडावर मारला असेल तर घाबरू नका. आधी तारखा बघा, तो जुन्या कलमावरचा आहे.

मध्यस्थ म्हणजे फक्त मोठी कंपनी असंही नाही. व्याख्येत «कोणतीही व्यक्ती» असा शब्द आहे, त्यामुळे गावात बसून एकट्यानं संकेतस्थळ चालवणाराही त्यात येतो. पण त्याच व्याख्येतला दुसरा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. मध्यस्थ कोण हे «विशिष्ट इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या बाबतीत» ठरतं. म्हणजे संकेतस्थळाला एकदाच शिक्का लागत नाही, मजकुरागणिक हिशेब होतो. तुम्ही स्वतः टाकलेल्या बाजारभावाचे तुम्ही प्रकाशक. सभासदाच्या पाच वाक्यांचे तुम्ही मध्यस्थ. त्याच पाच वाक्यांवरच्या मथळ्याचे पुन्हा प्रकाशक. एकाच पानावर, दोन इंचांच्या अंतरात, तुमच्या दोन वेगवेगळ्या कायदेशीर ओळखी आहेत.

संरक्षण टिकवायला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मजकूर तुम्ही सुरू केलेला नसावा, तो कुणाकडे जावा हे तुम्ही निवडलेलं नसावं, आणि त्यातली माहिती तुम्ही निवडलेली वा बदललेली नसावी. या सगळ्यांबरोबर याच कायद्याखालच्या, मध्यस्थांसाठीच्या २०२१ च्या नियमांतली काळजी घेतलेली असावी. कट, चिथावणी किंवा मदत तुमच्याकडून झाली असेल तर संरक्षण जातं. कायदेशीर आदेश आल्यावरही मजकूर ठेवलात तरी जातं.

वर लावून ठेवणं, म्हणजे पिन करणं, यानं संरक्षण आपोआप जातं असं म्हणणार नाही. पण दुकानदाराचा वकील नेमकं तेच बोट दाखवून म्हणेल की शंभर मजकुरांतून हा यानं निवडला. मथळा नसता तर या युक्तिवादाला उत्तर देणं सोपं होतं. मथळ्यामुळे पिन करण्यामागचा हेतूही उघडा पडतो. सभासदाचा मजकूर स्वतःच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला लावणं, त्याचं कार्ड बनवून तालुक्याच्या गटांत फिरवणं, शुद्धलेखन सुधारताना दोन शब्द तिखट करणं, हे सगळं याच खात्यात जमा होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका राजकीय नेत्याच्या प्रकरणात सांगितलं की बदनामीकारक मजकूर पुन्हा पोस्ट करणं हेही बदनामीचं प्रकाशन ठरू शकतं. «मी फक्त पुढं पाठवलं» हे उत्तर चालत नाही.

आता त्या पाच वाक्यांकडे या, कारण ती सारखी नाहीत. नोटिशीला उत्तर देण्याआधी प्रत्येक वाक्य वेगळं काढून बघितलं पाहिजे.

«तीन थैल्या नेल्या» आणि «अर्धंबी नाई उगवलं» ही वस्तुस्थितीची विधानं आहेत. पावती, थैली आणि वावर बघून ती खरी की खोटी हे ठरवता येतं. दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव आहे. फौजदारीत सत्य आणि त्यासोबत लोकहित दोन्ही लागतं, आणि इतर कास्तकारांनी तीच थैली घेऊ नये म्हणून सांगणं हे लोकहितच आहे.

तिसऱ्या वाक्यात घसरण सुरू होते. «बोगस» आणि «मालूम होतं» हे दोन शब्द सिद्ध करणं फार कठीण. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी लागते. वावरात त्याहून कमी उगवलं याचा अर्थ बियाणं बोगसच होतं असा होत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधीच पेरलं, पाच सेंटिमीटरहून खोल पडलं, किंवा पेरणीवर मोठा पाऊस होऊन जमिनीला पापडी धरली, तर चांगलं बियाणंही उगवत नाही. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. थैल्या आपटल्या तरी उगवण घटते. म्हणजे «उगवलं नाही» हे खरं असूनही «बोगस विकलं» हे खोटं ठरू शकतं, आणि तुमचा मथळा नेमका या दुसऱ्या शब्दावर उभा आहे. त्यात «दुकानदाराला माहीत होतं» हे तर त्याच्या मनातलं. सीलबंद थैली कंपनीकडून येते, दुकानदार ती उघडून बघत नाही.

चौथं वाक्य अधिकाऱ्यावर लाचेचा आरोप करतं. नोटीस दुकानदाराची असली तरी उद्या अधिकारीही पाठवू शकतो. सरकारी कामाबद्दल टीका करण्याची मुभा रुंद आहे. १९९४ च्या आर. राजगोपाल निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की अधिकाऱ्याच्या अधिकृत कामाबद्दलच्या मजकुरावर नुकसानभरपाई मागायची तर मजकूर खोटा होता आणि खरं-खोटं तपासण्याची पर्वाच केली नाही, हे त्याला दाखवावं लागतं. त्याच निकालाप्रमाणे सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्था बदनामीच्या नुकसानभरपाईचा दावा करू शकत नाही. गावात हे उपयोगी पडतं: ग्रामपंचायत अशी भरपाई मागू शकत नाही, सरपंच व्यक्ती म्हणून मागू शकतो. पण «हप्ता खाते» हे कामावरचं मत नाही, तो गुन्ह्याचा आरोप आहे, आणि त्यामागे काहीच कागद नाही.

पाचवं वाक्य शिवीचं आणि चिथावणीचं. त्याचा बचाव करण्यात वेळ घालवू नका.

हे वाचून एक गोष्ट ध्यानात घ्या. सभासदाची मूळ तक्रार खरी असू शकते, आणि ती लोकांपुढे राहणं गरजेचं आहे. पेरणी वाया गेलेल्या कास्तकाराचा आवाज एका नोटिशीवर पुसला गेला तर संकेतस्थळ चालवण्यात अर्थ उरत नाही. म्हणून त्याला आजच सांगा: तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दे. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती वावरात येऊन पंचनामा करते. पावती, थैली, थैलीवरचा टॅग आणि त्यावरचा लॉट नंबर, आणि थैलीत उरलेलं मूठभर बियाणं जपून ठेव. दुबार पेरणीसाठी वावर मोडण्याआधी पंचनामा झाला पाहिजे, नंतर बघायला काही उरत नाही. सक्षम अधिकाऱ्याकडे सद्भावनेनं केलेली तक्रार ही बदनामी नाही, असा स्पष्ट अपवाद कायद्यात आहे. शिवाय त्या पंचनाम्याची प्रत हाच उद्या त्याचा आणि तुमचा, दोघांचा सर्वांत भक्कम पुरावा होईल.

आता नोटीस. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नाही. २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयानं याच कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणारं कलम ६६अ रद्द केलं हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच निकालानं कलम ७९ मधल्या «प्रत्यक्ष माहिती» या शब्दांचा अर्थही आवळला: न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची कायदेशीर सूचना आल्याशिवाय मध्यस्थाला «माहिती झाली» असं धरता येत नाही. कारण साधं आहे. बदनामी झाली की नाही हे संकेतस्थळ चालवणाऱ्यानं ठरवायचं म्हटलं, तर ज्याच्याकडे वकील आहे त्याचं खरं ठरेल. २०२१ च्या नियमांत मुळात «बदनामीकारक» हा शब्द निषिद्ध मजकुराच्या यादीत होता. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीनं तो काढला, कारण तो निर्णय न्यायालयाचा आहे. दुकानदाराच्या नोटिशीत जुन्या यादीचा हवाला असेल तर उत्तरात ही दुरुस्ती नमूद करा.

पण याचा अर्थ नोटीस कोपऱ्यात टाकावी असा नाही. तक्रार आली की २४ तासांत पोच द्यावी लागते आणि ठरलेल्या दिवसांत निकाली काढावी लागते. तुम्ही ती आठवड्याच्या आत संपवा. न्यायालयाचा आदेश आला तर मात्र श्वास घ्यायलाही वेळ नाही. २०२१ च्या नियमांत मजकूर काढायची मुदत ३६ तास होती, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीनं ती ३ तासांवर आणली. गावात लाइट जाते, नेट जातं, तुम्ही लग्नाला गेलेले असता. संकेतस्थळाची चावी ज्याच्याकडे आहे असा दुसरा विश्वासू माणूस, शक्यतो दुसऱ्या गावातला, आजच ठरवून ठेवा.

नोटीस हातात पडली की पहिलं काम पुरावा जपणं. बहुतेकजण घाबरून आधी मजकूर पुसतात, मग न्यायालयात काय लिहिलं होतं हे दुकानदाराच्या कागदांवरूनच ठरतं. त्यानं पाचपैकी शेवटची दोनच वाक्यं कापून जोडली तर तुमच्याकडे उत्तर नाही. म्हणून पान पूर्ण दिसेल असं, पत्ता आणि तारीख-वेळेसह पीडीएफमध्ये साठवा. डेटाबेसमधली त्या मजकुराची ओळ वेगळी काढा: सभासद क्रमांक, टाकल्याची वेळ, बदलल्याची वेळ, आयपी पत्ता. या फाइलींचा हॅश काढा, म्हणजे फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी बदलणारा तिचा ठसा-आकडा; एसएचए-२५६ ही पद्धत चालते, आणि तो आकडा कागदावर लिहून तारीख टाकून सही करा. फाइल पेन ड्राइव्हवर ठेवून ती दुसरीकडे ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात दाखवायची तर प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञानं, आणि त्यात यंत्राचं मॉडेल, अनुक्रमांक आणि हॅश विचारलेला असतो. आज काढलेला हॅश दोन वर्षांनी उपयोगी पडेल. दोन वर्षांनी काढलेला पडणार नाही. काढलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी किमान १८० दिवस जपणं नियमानंही बंधनकारक आहे. खटल्याची चाहूल असेल तर त्यापुढेही जपा.

दुसरं काम, मथळा लगेच काढा. तो तुमचा आहे, त्यासाठी कुणाच्या आदेशाची वाट बघायची नाही. पिन काढा. स्टेटस, कार्ड वगैरे फिरवलं असेल तर तेही हटवा आणि हटवल्याची वेळ लिहून ठेवा.

तिसरं, सभासदाला कळवा. नोटिशीतला मुद्दा सांगा आणि ४८ तासांत उत्तर मागा: पावती आहे का, पंचनामा झाला का, «माहीत होतं» असं कशावरून म्हटलं. इथं मोह होतो तो स्वतःच शेवटची तीन वाक्यं कापून पहिली दोन ठेवण्याचा. करू नका. निवड आणि बदल तुमच्या हातून झाला की उरलेल्या दोन वाक्यांचे तुम्हीच लेखक असल्यासारखे दिसता. पूर्ण मजकूर खाली घ्या आणि सभासदाला नव्यानं लिहायला सांगा: काय विकत घेतलं, कधी पेरलं, किती उगवलं, तक्रार कुठे दिली. तक्रारीवरून किंवा स्वतःहून मजकूर काढल्यानं संरक्षण जात नाही, असं नियम ३ मध्येच म्हटलं आहे. काढण्याची मुभा आहे, कातरकामाची नाही. सभासद पुराव्यासह ठाम असेल आणि शब्द सभ्य असतील, तर मजकूर ठेवून न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे. वरचा मजकूर मात्र त्या प्रकारातला नाही. तो खाली घ्यावा असंच माझं मत.

चौथं काम फार थोडे लोक करतात. दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली. दुकानदार दावा लावून त्याच दिवशी एकतर्फी मनाई हुकूम मागू शकतो. कॅव्हेट असेल तर तुम्हाला ऐकल्याशिवाय तो मिळत नाही. ते ९० दिवस चालतं, नंतर पुन्हा टाकावं लागतं. दुकान ज्या न्यायालयाच्या हद्दीत आहे आणि तुम्ही ज्या हद्दीत राहता, दोन्हीकडे टाका, शिवाय जिल्ह्याच्या ठिकाणी. अंतरिम मनाईच्या सुनावणीत ब्लूमबर्ग विरुद्ध झी हा २२ मार्च २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलाला दाखवा. खटला चालण्याआधीच मजकूर बंद करायचा हुकूम यांत्रिकपणे देऊ नये, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे.

नोटिशीचं उत्तर एका पानाचं पुरे, स्पीड पोस्टनं. मजकूर नोंदणीकृत सभासदाचा आहे, आम्ही कलम ७९ खालचे मध्यस्थ आहोत, तक्रार अमुक तारखेला मिळाली, पोच दिली, आमच्या हक्कांना बाधा न येऊ देता मजकूर अमुक वेळी खाली घेतला, मथळाही काढला, मूळ नोंदी जपून ठेवल्या आहेत, नुकसानभरपाईची मागणी अमान्य. एवढंच. «आम्ही खात्री करूनच छापलं होतं» असं चुकूनही लिहू नका, त्या एका ओळीनं तुम्ही मध्यस्थाचे संपादक होता. मथळ्याबद्दल वाईट वाटत असेल, तपासल्यावर «बोगस» शब्द चुकीचा होता असं दिसलं असेल, तर तीन ओळींचा खुलासा मथळा जिथे होता तिथेच छापा. पण खुलाशाचा शब्द न शब्द आधी वकिलाला दाखवा आणि तो मथळ्यापुरताच ठेवा.

नाव-पत्ता? वकिलाला देऊ नका. वकील न्यायालय नाही. माहिती द्यायची ती न्यायालयाच्या आदेशावर, किंवा अधिकार असलेल्या तपास यंत्रणेच्या लेखी, कारण नमूद केलेल्या आदेशावर, आणि मग ७२ तासांत. ती वेळ येईल तेव्हा द्यायला काही असावं लागतं. गावातले जवळपास सगळे मोबाइल नेटवर आहेत, आणि मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना वाटतात. नुसत्या आयपीवरून माणूस सापडत नाही. सेकंदापर्यंतची वेळ आणि सोर्स पोर्ट क्रमांक, म्हणजे त्या एका जोडणीचा क्रमांक, नोंदवलेला असेल तरच सापडतो. तुमच्या सर्व्हरवर पोर्ट बहुधा साठत नसेल, तो सुरू करून घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आणि सर्व्हरचं घड्याळ अधिकृत वेळेशी जुळवलेलं असावं. यात मोठेपणा नाही. लिहिणारा सापडला नाही की सगळा राग उरतो तो संकेतस्थळ चालवणाऱ्यावर, इतकंच कारण आहे.

पोलिसांबद्दल. बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा सामुदायिक सेवा. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. म्हणजे दुकानदार ठाण्यात गेला तरी ठाणेदार एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून त्याला न्यायालयाचा रस्ता दाखवेल; दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही, अटक तर नाहीच. ठाण्यातून «मजकूर काढ, नाहीतर आणून बसवतो» असा फोन आला तर वाद घालू नका. नम्रपणे म्हणा: साहेब, लेखी द्या, नोंदीचा क्रमांक द्या, मी लगेच कार्यवाही करतो. कागद आला की त्यावरचं कलम वाचा. नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, त्यातलं कलम १७९ असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. कलम ३५(३) असेल तर आरोपी म्हणून, तेव्हा वकील घेऊन जा. मजकूर काढण्याच्या सरकारी सूचनेसाठी २०२५ च्या दुरुस्तीनंतर वरच्या दर्जाचा अधिकारी लागतो: प्रशासनात सहसचिव दर्जाचा, पोलिसांत खास अधिकार दिलेला उपमहानिरीक्षक दर्जाचा. ठाण्यातल्या तोंडी निरोपाला ती किंमत नाही.

याला दोन अपवाद मनात पक्के ठेवा. मजकुरात जातीवाचक शिवी असेल, किंवा बाईचा खासगी फोटो असेल, तर बदनामीचे नियम विसरा. ते गंभीर, दखलपात्र गुन्हे आहेत. प्रत जपून तो मजकूर त्याच मिनिटाला खाली घ्या आणि कुणाच्या आदेशाची वाट बघू नका.

दुकानदारानं खरंच पाऊल उचललं तर दोन वाटा आहेत. दिवाणी दाव्याची मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष. मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते, त्यामुळे नोटिशीतले दहा लाख दाव्यात येईपर्यंत बरेचदा आटतात. फौजदारी तक्रार त्यानं स्वतः प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे करायची, मुदत तीन वर्षं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २२३ इथं कामाचं आहे: दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. जुन्या कायद्यात ही पायरी नव्हती. तशी नोटीस आली की ती वाया घालवू नका. कलम ७९, मजकूर काढल्याची तारीख, सभासदाची नोंद, सगळं त्याच पेशीला मांडा. तक्रार नागपुरात किंवा पुण्यात केली आणि तुम्ही दारव्ह्याला राहत असाल, तर समन्स काढण्याआधी कलम २२५ खाली चौकशी बंधनकारक आहे. प्रक्रिया सुरू झालीच तर प्रत्येक पेशीला एसटीनं चकरा मारण्यापेक्षा कलम २२८ खाली वैयक्तिक हजेरीतून सूट मागा. प्रकरण उघडच निराधार असेल तर कलम ५२८ खाली नागपूर खंडपीठाकडे जाता येतं, पण तो खर्च मोठा आहे. त्याआधी तडजोडीचा विचार करा. गुन्हा तडजोडीचा आहे, आणि एका मथळ्यापायी दोन्ही घरांनी पाच वर्षं तारखा कराव्यात असं त्यात काही नाही. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत वकील मिळतो.

याच संकेतस्थळाचा व्हॉट्सअॅप गटही असेल, तर गटाच्या अॅडमिनबद्दल वेगळं सांगतो. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये ठरवलं की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अॅडमिन केवळ अॅडमिन आहे म्हणून जबाबदार होत नाही; समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट दिसला पाहिजे. अॅडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं, हे त्यामागचं कारण. ते प्रकरण महिलेबद्दलच्या अश्लील भाषेचं होतं, बदनामीचं नव्हतं, पण तर्क इथेही मांडता येतो. संकेतस्थळावर तो जसाच्या तसा लागत नाही, कारण तिथं तुमच्या हातात पुसण्याची, वर लावण्याची, मथळा देण्याची सत्ता आहे.

पुढच्या खरिपाआधी करायचं ते असं. नियम मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात, नोंदणीच्या वेळी सभासदाला ते मान्य करायला लावा आणि मान्य केल्याची वेळ साठवा. नियमांची आठवण वर्षातून किमान एकदा द्यायची असा मूळ नियम होता, पण नियम आवळत चालले आहेत. दर तीन महिन्यांनी सगळ्यांना पाठवा, पैसे लागत नाहीत. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क मुख्य पानावर टाका. एकटेच असाल तर तुमचंच नाव टाका. बियाणं, खत, औषधाच्या तक्रारीसाठी वेगळा तक्ता ठेवा: पीक, वाण, लॉट नंबर, पेरणीची तारीख, त्याआधीचा पाऊस, शंभर दाण्यांतले किती उगवले, तक्रार कुठे दिली. रिकाम्या चौकटीत माणूस राग ओततो, रकाने दिले की माहिती लिहितो. आणि मथळ्याची जागा सभासदाकडेच ठेवा, तुमच्या खात्याला ती बदलता येणार नाही अशी सोय प्रोग्रॅमरकडून करून घ्या.

या नोटिशीला सात दिवस दिले आहेत. ती ज्या दिवशी हातात पडली त्या दिवसाचा टपालाचा शिक्का असलेला लिफाफा फेकला नसेल, तर तो उत्तराच्या प्रतीला टाचून ठेवा.